मदत हवी आहे: रिस्टोअर केलेली 1985 ची येझदी रोडकिंग विकायची आहे

जुनी_चाकं

नमस्कार मंडळी. ही मोटरसायकल पुणे पासिंग, जुन्या तीन अक्षरी नंबर सिरीजची, आरसी बुक माझ्या नावावर. पासिंग (नोंदणीची मुदत) 2025 च्या सुरुवातीला संपलंय. इंजिन पूर्ण उघडून क्रँक रीबिल्ड, नवं बोअर-पिस्टन, 12 व्होल्टचं सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) किट, फ्रेमला पावडर कोटिंग, टाकीला नवा रंग. बुकात रंग काळा आहे, आता गाडी मरून आहे. बेंगळुरूचा एकजण घ्यायला तयार आहे, पण त्याला "व्हिंटेज नंबर" करून हवाय. प्रश्न तीन: कागदांचं आधी काय करू? किंमत खर्चावरून ठरवू का? आणि घेणारा नेमकं काय तपासेल?

नट_बोल्ट

आधी कागद. व्हिंटेजचा विषय लगेच सोडून द्या. 2021 च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडीच त्यात बसते. तुमची 2035 मध्ये बसेल. शिवाय 'व्हीए' सिरीज घेतली की गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठी बाहेर काढता येते. घेणाऱ्याला हे स्पष्ट सांगा, पुढची कटकट वाचेल.

तुम्हाला हवंय ते साधं नूतनीकरण, फॉर्म 25, पाच वर्षांसाठी. गाडी प्रत्यक्ष आरटीओत न्यावी लागते. 20 वर्षांवरच्या दुचाकीला ऑगस्ट 2025 पासून फी 2,000 रुपये आहे. मुदत उलटल्यावर महिन्याला 300 रुपये वेगळे, म्हणजे विक्री लांबली तर ही रक्कम नुसतीच वाढत जाणार. पर्यावरण कर, पीयूसी आणि निदान थर्ड पार्टी विमा लागेलच. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाटी बसवलेली नसेल तर पुढची कामं अडतात.

त्याआधी एक गोष्ट बघा: वाहन पोर्टलवर तुमचा नंबर टाकल्यावर गाडी दिसते का? जुन्या सिरीजच्या कित्येक नोंदी अजून फक्त रजिस्टरमध्येच आहेत. दिसत नसेल तर मूळ बुक घेऊन बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद पोर्टलवर चढवणं) करून घ्या. ती झाल्याशिवाय ऑनलाइन काहीच पुढे सरकत नाही.

बुकातला रंग बदलून घ्यायचं कामही त्याच फेरीत उरका. बुकात काळा आणि समोर मरून गाडी उभी असेल तर इन्स्पेक्टर परत पाठवू शकतो.

दोन_सायलेन्सर

नट_बोल्ट यांनी कागदांचं सगळं सांगितलंय, पावडर कोटिंगबद्दल एक राहिलं. फ्रेमवरचा चेसिस नंबर कोटिंगखाली बुजलेला असू शकतो. आत्ताच कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासून बघा. आकडे स्वच्छ उठले नाहीत तर पेंट स्ट्रिपर लावून तेवढाच भाग मोकळा करा. पॉलिश पेपर, ग्राइंडर किंवा पंच अजिबात लावू नका. नंबरावर घासल्याची खूण दिसली की गाडी संशयात आली, मग बिलं दाखवून उपयोग नाही. इंजिन नंबरही बुकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. या गाड्यांची इंजिनं सर्रास बदललेली असतात.

आता जाणकार माणूस काय बघेल. तो पहिल्यांदा इंजिनाला हात लावेल, गरम लागलं तर तिथेच त्याचा विश्वास उडतो. त्यामुळे तो यायच्या आधी गाडी चालू करून ठेवू नका. थंड गाडीचा धूर टू-स्ट्रोकला असतोच. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर राहिला आणि गिअर ऑइलची पातळी उतरत असेल, तर क्लचच्या बाजूचं, म्हणजे डावीकडचं क्रँक सील गेलंय. क्रँककेस गिअर बॉक्सचं तेल ओढतंय. मॅग्नेटच्या बाजूचं, उजवीकडचं सील गेलं तर उलट होतं: हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), थ्रॉटल सोडला तरी रेस खाली येत नाही. नुसती कार्बोरेटरची सेटिंग करून हे झाकायला जाऊ नका, पातळ मिश्रणावर लांब पल्ल्यात पिस्टन जाम होतो.

मग तो किकचाच दांडा पुढे घेऊन गिअर टाकून बघेल, या गाडीत दोन्हीला दांडा एकच. रोडकिंगमध्ये गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो. ती ॲडजस्टमेंट चुकलेली असली की पहिला गिअर खाडकन पडतो. गिऱ्हाईक यायच्या आधी हे नक्की नीट करून घ्या.

टाकीत तो टॉर्च मारेल. आत सीलंट ओतलं असेल तर सांगून टाका, कारण त्याचे पापुद्रे सुटून कार्बोरेटरचा जेट तुंबतो. झाकणाभोवती रंगाला फोड आले असतील तर ते पेट्रोल झिरपल्यामुळे. पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक टाकीवर आणि मडगार्डवर फिरवलं की लांबी (पुट्टी) कुठे भरलीय ते लगेच कळतं. बाजूला चिकटतं आणि मध्येच एके ठिकाणी गळून पडतं, तिथे पत्र्यावर लांबीचा थर आहे.

दोन्ही सायलेन्सरचे बॅफल (आतल्या आवाज कमी करणाऱ्या नळ्या) काढून तेलकट काजळी साफ करा. बॅफल नसलेल्या गाडीचा आवाज मोठा, पण ओढ गेलेली असते.

जुनी_चाकं

नंबर उठतोय, दोन्ही जुळले. बॅकलॉग बाकी आहे. किमतीचं सांगा.

गॅरेजवाला_नव्हे

खर्चावरून किंमत ठरवू नका. क्रोम आणि रंगाचा पैसा पूर्ण कधीच परत येत नाही. मूळ भागांचा मात्र येतो: मूळ स्पीडोमीटर, टाकीचे बॅज, मागचा दिवा, साइड बॉक्स. जाहिरातीतले आकडे ही नुसती मागणी असते. क्लबमधल्या लोकांना विचारा की तशीच गाडी शेवटी कितीला गेली.

जाहिरातीत स्वतःहून लिहा: स्टँडर्ड बोअर 65 मिमी, सध्या कितव्या ओव्हरसाइजचा (बोअर वाढवून घातलेला मोठा) पिस्टन आहे (शेवटच्यावर असेल तर पुढच्या मालकाला लायनर घालावा लागेल), वायरिंग 12 व्होल्ट, कुठले भाग नवे. मूळ 6 व्होल्टचं सामान जपून ठेवलं असेल तर तेही गाडीबरोबर द्या, हौशी माणूस त्याचे पैसे देतो. लेथवाल्याचं बिल आणि उघड्या फ्रेमचे जुने फोटो एका फाइलीत लावा. रनिंग-इन (नव्या इंजिनाचं सुरुवातीचं हळू चालवणं) व्हायचं असेल तर लिटरमागे 40 मिली टू-टी तेल, असं टाकीच्या झाकणाला चिठ्ठी बांधून सांगा. नवा माणूस पंपावर नुसतं पेट्रोल भरून पिस्टन जाम करतो.

नट_बोल्ट

व्यवहाराचं. गिऱ्हाईक कर्नाटकातलं, म्हणून आधी फॉर्म 28 वर एनओसी (ना हरकत दाखला). चलनं थकलेली असतील तर भरा. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर त्याचं नाव-पत्ता लिहिल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या फॉर्मवर सही तर एजंटलासुद्धा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केलंय की अपघाताची जबाबदारी नोंदीवर ज्याचं नाव आहे त्याची, गाडी चार हात पुढे गेली असली तरी. म्हणून डिलिव्हरी पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा आणि त्याच्या लायसन्स-आधारची प्रत जोडा.

टेस्ट राइड मागितली तर लायसन्स बघून, पूर्ण रक्कम हातात ठेवून द्या, नाहीतर तुम्ही चालवा आणि त्याला मागे बसवा.

गाडी रेल्वे पार्सलने जाणार असेल तर टाकी पूर्ण रिकामी लागते. पेट्रोल कॉक बंद करून कार्बोरेटरचा फ्लोट बाऊलही रिकामा करा. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल तसंच राहिलं तर जुनी रबरं फुगतात आणि गाडी पोचल्यावर पहिल्याच किकला ओव्हरफ्लो होते. आरसीची प्रत आणि ओळखपत्र बुकिंगला लागेल.