मुलगी १२ वर्षांची, बॅडमिंटन सिंगल्समध्येच पुढे जायचंय: ठाण्यात राहून आखणी कशी करायची?

कासारवडवलीची_आई

मुलगी १२ पूर्ण, उजव्या हाताने खेळते, १३ वर्षांखालच्या गटात जिल्ह्याच्या स्पर्धा चालू आहेत. आठवड्यातून चार दिवस दीड-दीड तास कोचिंग. उरलेले दिवस सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, तिथे टाइल्सवर कोर्ट आखलंय. कोच म्हणतात आता डबल्स सोडा. महिला एकेरीत व्यावसायिक खेळाडू व्हायचं हे तिचं पक्कं आहे. सराव किती आणि कसला, गुडघे कसे सांभाळायचे, आणि ज्युनियरमधून वर जाताना गुणांचं नि पैशाचं गणित कसं असतं, हे जाणकारांनी आकड्यांत सांगितलं तर फार मदत होईल.

मिडकोर्ट

ताई, डबल्स निदान १५ पर्यंत सोडू नका. सर्व्हिस, रिसीव्ह आणि नेटजवळचा हात डबल्समध्ये लवकर तयार होतो, आणि सिंगल्समध्ये नेट ज्याच्या ताब्यात, रॅली त्याच्या ताब्यात.

या वयाला आठवड्यातून ५ दिवस, दिवसाला २ तास कोर्ट आणि त्यातले ३ दिवस ४० मिनिटं फिटनेस, एवढं पुरे. दिवसाला दोन सत्रं १५ नंतर. त्या २ तासांत पॉइंट मोजून खेळणं शेवटच्या अर्ध्या तासातच. आपल्याकडे उलटं होतं: मुलं आली की गेम सुरू, आणि सहा महिन्यांनी तोच चुकीचा पाय पक्का झालेला असतो.

फूटवर्कमध्ये आधी स्प्लिट स्टेप बघा. समोरच्या मुलीची रॅकेट शटलला लागते त्या क्षणी हिचे पाय जमिनीवरून हलकेच सुटून पुन्हा टेकले पाहिजेत. आधी टेकले तर ती जागेवर खिळते, उशिरा टेकले तर पहिलं पाऊलच चुकीच्या दिशेला पडतं. मोबाइलवर स्लो-मोशनमध्ये पाच रॅली शूट केल्या की लगेच कळतं. सहा कोपऱ्यांचं शॅडो (शटलशिवाय नुसतं फूटवर्क) २० सेकंद काम, ४० सेकंद विश्रांती, असे १० सेट. मल्टिशटल (कोच एकामागून एक शटल टाकतात ते) १५ शटलचे ८ सेट, मध्ये पूर्ण मिनिट. पाय घसटायला लागले की सेट तिथेच थांबवा, दमलेल्या पायांनी फक्त चुका पाठ होतात.

क्लिअरची, म्हणजे समोरच्या बेसलाइनपर्यंत उंच मारलेल्या फटक्याची, चाचणी घरच्या कोणालाही घेता येईल. मागे दोन रेषा असतात: डबल्सची सर्व्हिस लाइन आणि बेसलाइन. मधला पट्टा ७६ सेंटिमीटरचा. स्वतःच्या बेसलाइनवरून मारलेल्या १० क्लिअरपैकी ७ समोरच्या पट्ट्यात पडायला हव्यात, आणि त्याही दमल्यावर, सत्राच्या शेवटी. मुलींच्या सिंगल्समध्ये १५-१७ वयात बहुतेक मॅच इथेच हरल्या जातात. क्लिअर अर्धवट पडते, समोरची पुढे येऊन मारते, आणि आपण म्हणतो डिफेन्स कच्चा.

मोठ्या पातळीवर काय लागतं ते २०१७ च्या ग्लासगोतल्या जागतिक अंतिम सामन्यात दिसलं. जपानच्या ओकुहाराविरुद्ध सिंधू १९-२१, २२-२०, २०-२२ अशी हरली, ११० मिनिटं लागली. सिंधूसारखी १.७९ मीटर उंची आणि तो स्मॅश असूनही सामना पायांवरच गेला. म्हणून १३ ते १७ ही वर्षं रँकिंगच्या मागे धावण्याची नाहीत, पाय घडवण्याची आहेत. वर्षाला ८-१० स्पर्धा बस्स, आणि दोन स्पर्धांमध्ये निदान तीन आठवडे नुसता सराव.

फिजिओ_नौपाडा

गुडघ्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण मुलींमध्ये एसीएल (गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध) फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं आणि वयात येताना ते वाढतं.

बॅडमिंटनमधला नेहमीचा प्रसंग असा: शटल बॅकहँड कोपऱ्यात उंच येतं, उजव्या हाताची मुलगी मागे झेपावून डोक्यावरून मारते आणि डाव्या एका पायावर उतरते. शरीर अजून मागे चाललेलं, गुडघा जवळजवळ सरळ, आणि तो आत वळतो. संपलं. स्पेनच्या कॅरोलिना मारिनचा उजवा गुडघा जानेवारी २०१९ मध्ये गेला, डावा २०२१ मध्ये, आणि पॅरिस २०२४ च्या उपांत्य सामन्यात पुन्हा उजवा. ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेल्या खेळाडूलाही हे चुकलं नाही.

उपाय कंटाळवाणा आहे पण उपयोगी. आठवड्यातून ३ दिवस, १५ मिनिटं: एक फूट उंचीच्या स्टूलवरून एका पायावर उतरून ३ सेकंद स्थिर, प्रत्येक पायाला ६ वेळा, ३ सेट. समोर आरसा ठेवा, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेतच हवा. हे जमेपर्यंत जंप स्मॅश शिकवू नका. सोबत हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचे) आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू बळकट करा. लंजमध्ये (पुढे मोठं पाऊल टाकून वाकताना) टाच आधी टेकवायची, पाऊल शटलच्या दिशेने. पाऊल आत वळलं की उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागतं.

टाइल्सवर उड्या पूर्ण बंद. शूज गम सोलचे बॅडमिंटनचेच. रनिंग शूजची टाच उंच असते, बाजूला जाताना घोटा मुरगळतो. पावसाळ्यात मॅटवर दमटपणाने पातळ थर येतो, सोल ओल्या फडक्याने पुसून कोरडे करा.

आणखी एक, जे पालक विचारत नाहीत. पाळी सुरू झाल्यावर वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. १२ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे अ‍ॅनिमिया, आणि तिसऱ्या गेममध्ये पाय जड होण्याचं कारण तिथे सापडू शकतं. नियमित झालेली पाळी तीन महिने चुकली तर ‘खेळाडू मुलींचं असं होतंच’ म्हणून सोडू नका. बहुतेकदा सरावाच्या मानाने खाणं कमी पडत असतं आणि हाडं कमजोर होतात. डॉक्टरांना दाखवाच.

गटिंग_पाचपाखाडी

रॅकेट ४यू, म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम. गटिंग (रॅकेटच्या तारा) आत्ता २०-२२ पाउंड ताणाचं, १५ नंतर २४. ताकद नसताना २६ ओढलं तर शटल मागे जात नाही आणि कोपर धरतं. तुटलं नाही तरी दोन महिन्यांनी बदला. रॅकेट गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हाने टेन्शन उतरतं. स्पर्धेला एकाच टेन्शनच्या दोन रॅकेट.

पिसांचं शटल आपल्याकडे बहुधा ७६ किंवा ७७ नंबरचं लागतं. गरम हवेत ते लांब जातं. बेसलाइनवरून अंडरहँड पूर्ण जोराने मारा, समोरच्या बेसलाइनच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडलं तर स्पीड बरोबर. फार वेगवान शटलवर सराव झाला की मुलगी हात आखडायला शिकते.

कॉलरूम

गुणांचं गणित. जागतिक क्रमवारीत ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम १० स्पर्धा धरतात. स्पर्धांच्या पायऱ्या खालून वर धरल्या तर विजेतीला इंटरनॅशनल सिरीजला २५००, चॅलेंजला ४०००, सुपर १०० ला ५५००, सुपर ३०० ला ७००० गुण. सुपर ३०० मध्ये उपांत्यपूर्व फेरीत हरलं तरी ३८५०, म्हणजे अख्खी चॅलेंज जिंकल्याच्या जवळपास. पण क्रमवारी खाली असेल तर तिथे पात्रता फेरीतही नाव लागत नाही. म्हणून सुरुवात सिरीज-चॅलेंजपासून, आणि भारतात होणाऱ्या स्पर्धा कधी चुकवायच्या नाहीत, विमानखर्च वाचतो.

बक्षिसाचं आधीच समजून घ्या. वर्ल्ड टूरच्या (सुपर १०० आणि त्यावरच्या) बहुतेक स्पर्धांत एकेरीच्या विजेतीला एकूण रकमेच्या ७.५ टक्के, उपांत्यपूर्व फेरीत हरणारीला ०.६ टक्के मिळतात. १ लाख डॉलरची स्पर्धा असेल तर ७५०० आणि ६००. परदेशवारी ६०० मध्ये भागत नाही. सुरुवातीची तीन-चार वर्षं खर्च घरचा, प्रायोजकाचा किंवा नोकरीचा. रेल्वे आणि तेल कंपन्या खेळाडूंना घेतात, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत ५ टक्के क्रीडा आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धांची प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये जपा.

कासारवडवलीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. मग सोसायटीच्या कोर्टवर काहीच करू नये का? रोज ठाणे स्टेशनकडे जायला घोडबंदर रोडवर दोन तास जातात.

मिडकोर्ट

तेच दोन तास तिच्या झोपेतून जातात, तेव्हा रोज धावू नका. घरच्या दिवशी उड्या न मारता सर्व्हिस करा. क्लबहाउसचं छत बुटकं असेल, लांब उंच सर्व्हिस तिथे होणार नाही, म्हणून शॉर्ट. सर्व्हिस करताना शटल १.१५ मीटरच्या खाली लागलं पाहिजे. बाजूच्या भिंतीवर तेवढ्या उंचीला रंगीत टेप लावा आणि मोबाइल त्याच उंचीवर ठेवून शूट करा. नेटवर एक वीत अंतरावर दोरी बांधून मधून १०० सर्व्हिस. पहिल्या आठवड्यात ४० गेल्या तरी चांगलं, ८० झाल्या की दोरी चार बोटं खाली घ्या.