सल्ला हवा: भरीत स्पर्धेच्या परीक्षकांना न दुखवता कसं सांगावं?

अमळनेरकरीण: दर हिवाळ्यात आमच्या मंडळाची भरीत आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीची स्पर्धा असते. यंदा १४ ताटं, ३ परीक्षक, १० पैकी गुण. काकांनी सरसकट ७-८ दिले. ताईंनी कुणाला ३, कुणाला १०. तिसऱ्यांनी पहिल्याच ताटातला ठेचा असा चाखला की पुढची चार ताटं पाण्याबरोबर गिळली! निकालावर अजून कुरकुर चाललीये. तिघंही शाल-नारळ देऊन बोलावलेली मोठी माणसं, पुढच्या वर्षीही तीच हवीत. त्यांना सांगू कसं?

वांगंवाला, भुसावळ: ताई, आधी गुणांचे कागद काढा. सगळ्यांना ७-८ देणाऱ्याचा निकालात हात जवळजवळ नसतोच. निकाल लावला तो ३ ते १० वाल्या ताईंनी. एक तक्ता करा: प्रत्येक ताटाला तिघांनी दिलेल्यातला मधला गुण आणि शेजारी त्या परीक्षकाचा स्वतःचा. एकेकाकडे चहाला जा, तक्ता पुढे ठेवा आणि गप्प बसा. आमच्याकडचे एक गुरुजी तो पाहून स्वतःच म्हणाले, "मी तर कुणाला नापासच केलं नाही!"

परदेशी खान्देशी: अमेरिकेत कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धांत एका टेबलावर ६ परीक्षक असतात. गुण ९ ते २, त्यातला सगळ्यात कमी गुण बाद. दिसणं, चव आणि मऊपणा यांत चवीचं वजन सगळ्यात जास्त. ३ परीक्षकांत एकाला वगळणं परवडणार नाही, निदान ५ तरी बोलवा.

धुळ्याची सुगरण: अगं, तुमच्या गुणपत्रिकेत नुसतं 'चव' लिहिलं असेल तर ते बिचारे काय करतील? कपाशीच्या काठ्यांवर भाजल्याचा वास येतो का, वांगं ठेचलंय की मिक्सरमधून काढलंय, भाकरीत उडीद लागतो का, असं लिहा. वांग्याला वेगळे गुण नकोत. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (GI) मिळालेलं जळगावचं वांगंच सगळ्या आणणार, फरक कशात पडणार? स्पर्धेआधी बाहेरचं एक भरीत तिघांना चाखायला द्या, गुण लिहू द्या, मग एकमेकांचे आकडे बघू द्या. आणि ठेचा शेवटी! मधे ताक ठेवा, पाण्याने तिखट जात नाही.

अमळनेरकरीण: काकांकडे रविवारी जाते. ताईंकडे जायचं मात्र धाडस होत नाही, सासूबाईंची मैत्रीण आहे.

वांगंवाला, भुसावळ: मग तक्ता सासूबाईंच्याच हाती द्या की!