‘सोलर रेडिएशन प्रेशर’ला मराठीत काय म्हणायचं?

धोटा: इथल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ‘नाविक’ या भारताच्या दिशादर्शक उपग्रहांवर तक्ते लिहून देतोय. उपग्रह उद्या नेमका कुठे असेल ते आज सांगता यावं लागतं. पृथ्वी, चंद्र, सूर्य यांची ओढ धरली तरी हिशेब जुळत नाही, कारण सूर्यप्रकाश त्याला सतत ढकलत असतो. या ढकलण्याला मी ‘सौर किरणोत्सर्ग दाब’ लिहिलं. एका पालकांनी काळजीने विचारलं, “उपग्रहातून काही गळतंय का?” दुसरा शब्द सुचवा.

शब्दवेध: किरणोत्सर्ग हा युरेनियम-रेडियमचा गुण. इथे रेडिएशनला ‘प्रारण’च हवं. सौर प्रारण दाब. विश्वकोशातही प्रारणच आहे.

जुळे सोलापूरकर: सातवीच्या पोराला प्रारण? मार्च लागला की आमची आजी म्हणायची, “उन्हाचा रेटा वाढला.” तेच लिहा की! उन्हाचा रेटा.

शब्दवेध: रेटा म्हणजे बल. दाब म्हणजे दर चौरस मीटरला किती बल ते. पृथ्वीच्या अंतरावर हा दाब ४.५ मायक्रोपास्कलच्या आसपास. दोन्ही एक करू नका.

धोटा: रेटा मला आवडला. जीपीएससारख्या उपग्रहाला त्यातून मिळणारं त्वरण मीटर प्रति सेकंद वर्गाच्या एक कोटीव्या भागाएवढं, पण दिवसभर एकाच दिशेने लागलं तर साडेतीनशे मीटरच्या वर सरकवेल. अडचण ‘ऊन’ची आहे. लहानपणी आमच्या अंगणात रंगवलेल्या सुताच्या लडी बांबूवर वाळत घातलेल्या असायच्या. काळीला हात लावला की चटका, शेजारची पांढरी नुसती कोमट. रेट्याचं उलटं आहे. प्रकाश गिळणाऱ्या काळ्या पत्र्यापेक्षा समोरून परतवणाऱ्या आरशाला दुप्पट धक्का बसतो. म्हणून गणित मांडताना उपग्रहाची पेटी वेगळी, सौरपंख वेगळे, आणि कोणती बाजू किती गिळते, किती परतवते हे धरावं लागतं. ‘ऊन’ म्हटलं की मुलं तापण्याकडेच जाणार.

मोडीवाचक: जाणारच. उष्ण, उण्ह, ऊन. ‘ऊन ऊन वरणभात’ म्हणतो तेव्हा त्यात उजेड कुठे असतो?

जुळे सोलापूरकर: आणि ऊन-सावलीच्या खेळात उष्णता कुठे असते? शब्द जन्मला कुठे यापेक्षा लोक आज वापरतात कसा ते बघा.

मोडीवाचक: प्रारणात मला तर ‘अर’ दिसतो, चाकाचा आरा. मधून चहूकडे पसरणारं ते प्रारण.

शब्दवेध: हे तुमचं अनुमान झालं. मी वर्तमानपत्रातल्या ‘दबावा’वर बोलणार होतो. रक्ताचा दाब, हवेचा दाब. दबाव फक्त माणसांवर.

धोटा: आज तक्ता छापायला द्यायचाय. ‘सूर्यप्रकाशाचा रेटा’ लिहितो, खाली लहान अक्षरात प्रारण दाब. आता पुढची ओळ अडलीय. उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरला की रेटा एकदम थांबत नाही, आधी उपच्छायेत, म्हणजे कडेच्या अर्धवट सावलीत, कमी कमी होत जातो. या उपच्छायेला काय म्हणू?

जुळे सोलापूरकर: विरळ सावली. बाभळीखाली असते तशी.

शब्दवेध: बाभळीखाली कवडसे पडतात. ती उपच्छाया नव्हे.