दहावीचं काय, आणि आमचा मोत्या

घरीच शिकवलं तर दहावीचं काय, ही शंका आम्हालाही होती. एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, परीक्षा देता येते. वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. लेकीने आधी मराठी आणि चित्रकला उरकली, गणित मागे ठेवलं. (बापावर गेलीये.)

वेळापत्रक मात्र मोत्या ठरवतो. सकाळी सातला पट्टा तोंडात धरून दारात हजर! धाकटा वाचताना अडखळतो, माझ्यासमोर तर जास्तच. मोत्याला मात्र खुशाल मोठ्याने वाचून दाखवतो, कारण तो चुका काढत नाही. परवा गोष्ट संपायच्या आत घोरायला लागला, तर धाकटा रुसून बसला.