शहापूरच्या पाड्यावर आरओ प्लान्ट बसवावा का? (६२ घरं, एक विहीर, एक हातपंप)

घोडबंदर_रोडकर

नमस्कार. ठाण्यातल्या आमच्या दोन-तीन सोसायट्यांनी मिळून साडेतीन लाखांच्या आसपास रक्कम जमवली आहे. शहापूर तालुक्यात कसाऱ्याच्या बाजूच्या एका पाड्यावर पिण्याच्या पाण्याची सोय करायची आहे. माहिती अशी:

६२ घरं, लोकवस्ती ३१० च्या आसपास. वस्तीच्या खालच्या अंगाला एक विहीर. व्यास ५ मीटर, खोली ९ मीटर, कठडा एका बाजूनं पडलेला. शाळेजवळ एक हातपंप, चालतो पण पाणी कमी. वीज सिंगल फेज, पावसाळ्यात दिवस दिवस नसते. मेमध्ये विहीर तळाला जाते, मग टँकर येतो आणि विहिरीतच रिकामा करतात. जुलैत दरवर्षी जुलाबाचे रुग्ण असतात.

एका विक्रेत्यानं ताशी ५०० लिटरचा आरओ आणि नाणं टाकून पाणी देणारं मशीन सुचवलंय. त्यानं विहिरीच्या पाण्यात टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर बुडवला, २१० आकडा दाखवला आणि पाणी पिण्यालायक नाही म्हणाला. घ्यावा का? की पैसे दुसरीकडे घालावेत?

निवृत्त_उपअभियंता

२१० टीडीएसला नापास करणाऱ्या माणसाला चहा पाजून परत पाठवा. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची मर्यादा ५०० मि.ग्रॅ. प्रति लिटर आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. तो मीटर विद्युतवाहकतेवरून क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. विहिरीत शौचालयाचं पाणी झिरपलं तरी २१० चे फार तर २४० होतील. आपल्याकडच्या काळ्या कातळातल्या उथळ विहिरींना क्षारांचा त्रास सहसा नसतो. खाडीकाठच्या मचूळ बोअरची गोष्ट वेगळी, तिथे आरओला अर्थ आहे. कसाऱ्याच्या डोंगरात नाही.

तुमचा आजार जुलैचा आहे, म्हणजे पावसाबरोबर उतरणाऱ्या घाणीचा. त्यावर आरओ लावला की काय होतं बघा. आरओची मेम्ब्रेन (गाळणारा पडदा) क्लोरीननं खराब होते, म्हणून आधीच्या कार्बन फिल्टरात क्लोरीन काढून टाकतात. नळातून पाणी स्वच्छ येतं, पण त्यात क्लोरीन शिल्लक नसतं. घरी हंड्यात कुणी तांब्यासकट हात बुडवला की संपलं. शिवाय अशा प्लान्टमध्ये निम्म्याच्या आसपास पाणी बाहेर टाकावं लागतं, तेही मेमध्ये टँकरवर जगणाऱ्या पाड्यावर. पावसाळ्यात गढूळ पाण्यानं आधीचे फिल्टर तुंबतात आणि वीज नसते, म्हणजे ज्या महिन्यात गरज त्याच महिन्यात मशीन बंद. पुढे त्या शेडमध्ये सरपण रचलेलं दिसतं.

आधी विहीर धरा. कठडा जमिनीपासून निदान ७५ सें.मी. उंच, भोवती १ मीटर रुंदीचा सिमेंटचा ओटा, उतार बाहेरच्या बाजूला, ओट्याला कडेनं नाली आणि ती नाली १५ मीटर लांब नेऊन शोषखड्ड्यात. आतल्या बांधकामाचे वरच्या भागातले सांधे सिमेंटनं बुजवा, म्हणजे पृष्ठभागावरचं पाणी मातीतून न गाळता थेट आत येणार नाही. खालचे सांधे मात्र उघडे ठेवा, विहिरीचे झरे तिथूनच येतात. उत्साहाच्या भरात सगळी विहीर आतून प्लास्टर करणारे आहेत, मग पाणी का वाढत नाही म्हणून विचारतात. वर लोखंडी जाळी, तिला उघडझाप होणारं एक तोंड.

विहीर खालच्या अंगाला आहे हे मला खटकतं. वरच्या घरांची शौचालयं किती अंतरावर आहेत ते टेपनं मोजा. कागदावर १५ मीटर पुरेसे असतात, पण भेगाळ कातळात घाण त्याहून लांब जाते.

पायऱ्या असतील तर बंद करा. नारू (पाण्यातून अंगात जाणारा जंत) याच वाटेनं पसरायचा. देश २००० साली नारूमुक्त जाहीर झाला, पण पाण्यात पाय बुडवून हंडा भरण्याची सवय जुलाबाला अजूनही पुरते.

घणसोली_लॅबवाली

दादा, काहीही विकत घेण्याआधी नमुना तपासा. आणि दोनदा: एकदा आत्ता, एकदा पहिल्या दोन-तीन जोरदार पावसांनंतर. फक्त मार्चचा रिपोर्ट हातात घेऊन "पाणी उत्तम" म्हणू नका.

रासायनिक तपासणीला १ ते २ लिटरचा स्वच्छ कॅन, त्याच पाण्यानं तीनदा विसळून काठोकाठ भरायचा. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घ्या. ती विसळायची नाही. आत सोडियम थायोसल्फेट असतं, ते नमुन्यातलं क्लोरीन निष्प्रभ करतं. विसळली की तेच वाहून जातं आणि बाटलीतलं क्लोरीन वाटेत जंतू मारत बसतं, रिपोर्ट खोटा चांगला येतो. बाटलीत वर बोटभर जागा सोडा, झाकणाच्या आत बोट लावू नका, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. २४ तासांपुढचा नमुना देऊ नका. हातपंपाचा नमुना घेताना आधी पाच मिनिटं पंप मारा, मग बाटली लावा.

काय तपासायचं: ई-कोलाय (विष्ठेतले जंतू, १०० मि.लि. मध्ये शून्य हवेत), गढूळपणा (एनटीयू या मापात १, मुभा ५), नायट्रेट (लिटरला ४५ मि.ग्रॅ. पर्यंत), फ्लोराइड (१ मि.ग्रॅ., मुभा १.५), लोह, पीएच, कठीणपणा. नायट्रेट जास्त आलं तर सांडपाणी किंवा गोठ्याचं पाणी येतंय असं समजा. नायट्रेट क्लोरीननं जात नाही, तिथे घाणीचा उगमच शोधावा लागतो.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना फील्ड टेस्ट किट वापरायला शिकवायचं असं ठरलेलं आहे. पाड्यावर कुणाला शिकवलंय का, विचारा. किट बरेचदा कपाटात असतं आणि रसायनांची मुदत संपलेली असते, तारीख बघा. एच-टू-एसची बाटलीही (विष्ठेतले जंतू असतील तर पाणी काळं पडतं) चांगली. पाणी भरून ऊबदार जागी ठेवायची, २४ ते ४८ तासांत काळी पडली तर ते पाणी उकळल्याशिवाय किंवा क्लोरीन घातल्याशिवाय प्यायचं नाही.

जलसुरक्षक_शहापूर

टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) हिशोब कुणी लिहिला नाही म्हणून लिहितो.

पाणी किती आहे ते आधी काढायचं. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळं मीटरात) गुणिले ७८५, उत्तर लिटरमध्ये. तुमच्या विहिरीत २ मीटर पाणी असेल तर ५ × ५ × २ × ७८५ = ३९,२५० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम या मानानं साधारण २०० ग्रॅम पावडर. खोली रोज बदलते, म्हणून दोरीला मीटरच्या गाठी मारून विहिरीवरच ठेवा. "दोन मुठी" हे माप नाही.

पावडर कोरडी विहिरीत उधळायची नाही. बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका, म्हणजे तुम्हाला दोन बादल्या लागतील. थोड्या पाण्यात आधी पेस्ट, गुठळ्या मोडायच्या, मग पाऊण बादली पाणी, ढवळून १० मिनिटं ठेवायचं. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्या, चुना विहिरीत टाकू नका, नाहीतर पाणी कठीण होतं आणि तळ भरतो. निवळाची बादली दोरीनं पाण्याच्या पातळीखाली सोडून वर-खाली, चहूबाजूंना हलवायची. हे काम रात्री, शेवटचा हंडा भरल्यावर. निदान अर्धा तास, शक्यतो एक तास पाणी काढायचं नाही.

५ ग्रॅम हा आकडा सुद्धा देववाणी नाही. पहिल्या पावसात पाणी गढूळ झालं की तेवढंच क्लोरीन मातीच खाऊन टाकते. बादली चाचणी करा. ३० टक्के क्लोरीनची ताजी पावडर ३३ ग्रॅम, १ लिटर पाण्यात, म्हणजे १ टक्क्याचं द्रावण. २० लिटरच्या चार बादल्या विहिरीच्या पाण्यानं भरा. सिरिंजनं द्रावणाचं निवळ पाणी अनुक्रमे १, २, ३, ४ मि.लि. घाला. १ मि.लि. म्हणजे ०.५ पीपीएम (लिटरला ०.५ मि.ग्रॅ. क्लोरीन). अर्ध्या तासानं चारही बादल्यांत ओटी टेस्ट (थेंब घालून पिवळ्या रंगावरून शिल्लक क्लोरीन बघायचं). ज्या सर्वांत कमी मात्रेत ०.५ शिल्लक दिसेल ती तुमची मात्रा. ३ मि.लि. ची बादली पास झाली तर १.५ पीपीएम, म्हणजेच हजार लिटरला ५ ग्रॅम. ४ ची पण नापास झाली तर पाणी गढूळ आहे, आधी तुरटीनं निवळायला हवं.

ओटीचा पिवळा रंग लगेच बघायचा. दहा-पंधरा मिनिटांनी गडद झालेला रंग मोजला तर खोटं समाधान. तपासलेलं पाणी फेकून द्या, ओटीचं रसायन अंगावर उडवू नका. परवडलं तर डीपीडीच्या गोळ्या घ्या, त्यात गुलाबी रंग येतो आणि आकडा जास्त भरवशाचा. विहिरीवर ०.५ आणि शेवटच्या घरच्या हंड्यात ०.२ मिळालं पाहिजे.

पावडर मरते हे लक्षात ठेवा. उघडं पोतं पावसाळी हवेत ठेवलं की काही आठवड्यांत निम्मी ताकद जाते. ओली, गोळा झालेली, वास नसलेली पावडर कितीही टाका, पांढरं पाणी होईल, बाकी काही नाही. रोज २०० ग्रॅम म्हणजे महिन्याला ६ किलो. २५ किलोचं पोतं एका पाड्याला चार महिने जातं, ते फार झालं. शेजारच्या तीन पाड्यांशी वाटून घ्या, आपला वाटा घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात, सावलीत. लोखंडी डब्यात नको, गंजतो.

घोडबंदर_रोडकर

सगळ्यांचे आभार. आरओचा विषय बंद. दोन शंका. रोज बादली घेऊन कोण जाणार? मडक्यात पावडर भरून विहिरीत सोडायची पद्धत ऐकली होती, ती चालेल का? आणि लोक म्हणतात पाण्याला वास येतो, त्यापेक्षा ओढ्यातला झिरा बरा.

जलसुरक्षक_शहापूर

ती दुहेरी मडक्याची पद्धत, नागपूरच्या नीरी संस्थेची. आतल्या मडक्यात १ किलो पावडर आणि २ किलो जाड वाळू ओलसर करून, वरच्या भागात १ सें.मी. चं भोक, बाहेरच्या मडक्याला तळापासून ४ सें.मी. वर दुसरं. पाण्याखाली निदान १ मीटर सोडतात, दोन-तीन आठवडे चालतं. पण ते घरगुती छोट्या विहिरीसाठी, साडेचार हजार लिटर पाणी आणि दिवसाला चारशे-साडेचारशे लिटर उपसा असेल तिथे. तुमच्या विहिरीत त्यानं काही होणार नाही.

वासाबद्दल: ०.५ ला एवढा वास येत नाही. लोक ओरडतात तेव्हा बहुतेक वेळा कुणीतरी चार दिवस चुकवून पाचव्या दिवशी चौपट टाकलेली असते.

निवृत्त_उपअभियंता

म्हणूनच साठवण टाकी. विहिरीची पातळी रोज बदलते, टाकीचं माप बदलत नाही. ५,००० लिटरच्या टाकीला २५ ग्रॅम टीसीएलचं निवळ, किंवा ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १५० मि.लि. माप एकदा डब्यावर रेघ मारून दिलं की कुणीही घालू शकतं. (हायपोक्लोराइट उन्हात लवकर उतरतं, मोठा कॅन घेऊ नका.) भरल्यावर अर्धा तास नळ बंद, मग नळकोंडाळ्यावर पाणी.

किती टाकी? जलजीवन योजनेच्या निकषानं माणशी ५५ लिटर, म्हणजे १७,०५० लिटर रोज. ते तुमच्या पैशात बसणार नाही, बसवूही नका. पिणं-स्वयंपाकाला माणशी ८ लिटर धरले तर २,४८० लिटर होतात, टंचाईत माणशी २० धरले तर ६,२००. ५,००० च्या दोन टाक्या ठेवा: रोजचं भागतं, आणि मेमध्ये १०,००० लिटरचा टँकर विहिरीच्या चिखलात न ओतता टाकीत घेता येतो. टँकर रिकामा करण्याआधी त्याचीही ओटी करा.

पंप घेण्याआधी विहिरीची आवक मोजा, आणि ती मेमध्येच. पंप लावून पातळी खाली न्या, बंद करा, तासाभरात किती चढते बघा. ५ मीटर व्यासाला १० सें.मी. म्हणजे १,९६० लिटर. डिसेंबरात मोजून घेतलेला पंप मेमध्ये कोरडा चालतो आणि जळतो. १ एचपीचा सौर पंप, पॅनलवर चालणारा, कोरडा चालला तर आपोआप बंद होणारा. पावसाळी ढगात तो कमी ओढतो, पण तेव्हा विहीर वर असते, उचल कमी लागते. विजेची वाट बघण्यापेक्षा बरं.

हातपंप सोडू नका. इंडिया मार्क २ चं सिलिंडर चांगलं असेल तर ४० दांड्यांत १५ लिटरच्या आसपास पाणी यायला हवं. मोजून बघा. १० च्या खाली असेल तर बहुधा वायसर झिजलेत किंवा पाइपाचा सांधा गळतोय. पहिल्या चार-पाच दांड्या कोऱ्या जात असतील तर खालचा व्हॉल्व्ह पाणी धरत नाही. दुरुस्ती पंचायत समितीच्या हातपंप पथकाकडून करून घ्या, त्यांच्याकडे पाइप उचलायची तिकाटणं असतात. त्याच बोअरमध्ये हातपंप ठेवून खाली सौर पंप सोडता येतो, दुहेरी पंप म्हणतात त्याला, पण बोअरची क्षमता आधी तपासावी लागेल.

मुरबाड_वनहक्क

कागदाचं राहिलं. शहापूर पेसा क्षेत्रात (आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा) येतं. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय टाकीचा चौथराही बांधू नका, उद्या दुरुस्तीची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. जागा वनखात्याची असेल तर वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये पिण्याच्या पाण्याची सोय आणि पाइपलाइन बसते: १ हेक्टरच्या आत, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं न तोडता, ग्रामसभेच्या शिफारशीनं. आणि त्याच पाड्यासाठी जलजीवनचं काम मंजूर आहे का, ते ग्रामपंचायतीत आधी बघा. असेल तर तुमची पाइपलाइन नको, टाकी आणि विहिरीचं काम तेवढं करा.

निवृत्त_उपअभियंता

बरोबर. आणि सगळे पैसे बांधकामात घालू नका. पावडर, डीपीडीच्या गोळ्या, नळाच्या तोट्या आणि टाकीत औषध घालणाऱ्या पाड्यावरच्या दोन बायांचं मानधन, एवढं तीन वर्षांचं बाजूला काढा. दोघी असू द्या, एकटी आजारी पडली की खाडा होतो. टाकीशेजारी पाटी: तारीख, ग्रॅम, ओटीचा आकडा. तोट्या प्लास्टिकच्या नको, पितळी स्वतः बंद होणाऱ्या घ्या, आणि दोन जादा ठेवा.