फ्री रॅडिकल : मुक्त मूलक, मुक्त कण की आणखी काही?

शब्दखूण
एका जैवरसायनविषयक लेखाचं मराठीकरण करते आहे. विषय आहे सजीवांच्या ऊतींमध्ये फ्री रॅडिकल्समुळे होणारं नुकसान. गंमत म्हणून आधी यंत्राकडून भाषांतर करून घेतलं, तर 'मुक्त कट्टरपंथी ऊतींवर हल्ला करतात' असं वाक्य हाती आलं. हसून झालं, आता काम पुढे न्यायचंय. परिभाषेत 'मुक्त मूलक' आहे, आरोग्यविषयक सदरांत 'मुक्त कण' दिसतो आणि बोलताना सगळेच फ्री रॅडिकल म्हणतात. माझा वाचक विज्ञान शाखेचा नाही, पण जिज्ञासू आहे. कोणता शब्द घेऊ? 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' आणि 'ऑक्सिडेटिव्ह डॅमेज' यांचंही काय करायचं ते सांगा.

वाटसरू
कट्टरपंथी! आज दिवसभर पुरेल.

बेंझीन
'मुक्त कण' आधी बाद करा. कण म्हटलं की वाचकाला धूळ तरी आठवते नाहीतर प्रोटॉन-न्यूट्रॉन तरी. रॅडिकल म्हणजे असा अणू किंवा रेणू, ज्यात निदान एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतो. ओळख एवढीच. हा एकटा इलेक्ट्रॉन स्वस्थ बसत नाही. तो शेजारच्या रेणूतून इलेक्ट्रॉन किंवा अख्खा हायड्रोजन अणू ओढून घेतो, मग तो शेजारी रॅडिकल होतो आणि तेच तो पुढच्याशी करतो.

'मूलक' शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहे, पण त्यात एक खोच आहे. शाळेत सल्फेट, नायट्रेट, अमोनियम यांना आपण मूलकं म्हणूनच पाठ केलंय. ते आहेत आयन, म्हणजे विद्युतभारित अणुगट. त्यांचे सगळे इलेक्ट्रॉन जोडीनं असतात, पाण्यात ते महिनोन्महिने काही न करता पडून राहतील. नुसतं 'मूलक' लिहिलंत तर वाचकाला तेच आठवणार. इंग्रजीत हल्ली रसायनवाले 'फ्री' गाळून नुसतं रॅडिकल म्हणतात, पण मराठीत 'मुक्त' ठेवावंच लागेल, कारण शाळेतल्या मूलकांपासून वेगळं दाखवायला दुसरं काही हाताशी नाही.

वेलांटी
बेंझीन, सहमत. थोडी व्युत्पत्तीची भर घालतो.

लॅटिनमध्ये 'रॅडिक्स' म्हणजे मूळ. अठराव्या शतकाच्या अखेरीस लाव्हाझिए आणि गितों द मोर्वो यांनी रसायनाची परिभाषा नव्यानं बांधली, तेव्हा आम्ल म्हणजे ऑक्सिजन अधिक एक 'मूळ' असा त्यांचा हिशेब होता. ऑक्सिजन काढून घेतल्यावर उरतं ते रॅडिकल. म्हणजे आज ज्यांचं भांडण आपण ऊतींमध्ये बघतो, ते 'ऑक्सिजन' आणि 'रॅडिकल' हे दोन शब्द परिभाषेत जोडीनंच आले. पुढे आम्लांची ती कल्पना मोडीत निघाली, पण शब्द टिकला आणि अभिक्रियेत एकसंध राहणाऱ्या अणुगटाला लागू झाला. आपला शाळेतला 'मूलक' हा त्या मधल्या काळाचा वारसा.

'मुक्त' हे विशेषणही तेव्हाचंच. संयुगातून सुटं काढलेलं रॅडिकल, एवढाच त्याचा अर्थ. एकोणिसाव्या शतकात अनेकांनी ते सुटं करायचा प्रयत्न केला, यश येईना, आणि असं काही सुटं राहूच शकत नाही असं मत रूढ झालं. 1900 मध्ये मिशिगन विद्यापीठात मोझेस गोम्बर्ग दुसरंच संयुग बनवायला गेले आणि ट्रायफिनाइलमिथाइल हे मुक्त मूलक हाती लागलं. पिवळं द्रावण, आणि हवा लागली की रंग जाऊन पेरॉक्साइड तयार.

जाता जाता: संस्कृतात 'मूलक' म्हणजे मुळा. इंग्रजीतला 'रॅडिश'ही त्याच रॅडिक्सवरून आलाय.

रक्तपेशी
वेलांटी, मुळ्याबद्दल धन्यवाद. आता पेशंटना हे समजावताना हसू आवरावं लागणार.

माझा आक्षेप 'मुक्त'मुळे वाचकाच्या मनात उभ्या राहणाऱ्या चित्राला आहे. 'शरीरात मुक्तपणे फिरणारी घातक मूलकं' हे वाक्य सर्रास वाचायला मिळतं आणि ते जवळजवळ प्रत्येक शब्दागणिक चुकीचं आहे. यातलं सर्वांत आक्रमक मूलक म्हणजे हायड्रॉक्सिल. त्याचं आयुष्य सेकंदाच्या एक अब्जांश भागाच्या आसपास. तेवढ्यात ते काही नॅनोमीटर सरकतं, म्हणजे जिथे जन्मलं तिथलाच पहिला रेणू त्याच्या तावडीत सापडतो. फिरायला वेळ आहे कुणाला! त्यामुळे 'मुक्त मूलक' घ्या, पण लगेच पुढच्या वाक्यात एकट्या इलेक्ट्रॉनचा खुलासा करा आणि 'फिरणारी', 'भटकी' ही विशेषणं टाळा.

'घातक'ही सरसकट नको. 1969 मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिसम्यूटेज या विकराचं (एन्झाइमचं) काम दाखवून दिलं, तेव्हा सुपरऑक्साइड हे मूलक आपल्या पेशींत रोजच तयार होतं आणि त्याचा निचरा करायची सोयही तिथेच आहे, हे स्पष्ट झालं. 1973 मध्ये बेबिअर आणि सहकाऱ्यांनी पांढऱ्या पेशी जीवाणू मारण्यासाठी सुपरऑक्साइड मुद्दाम बनवतात हे दाखवलं. ज्यांच्यात ते बनवणारं विकर जन्मतः सदोष असतं, त्यांना क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज होतो आणि वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होत राहतात. रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड हेदेखील एक मुक्त मूलकच, आणि त्याच्यावरच्या संशोधनाला 1998 चं नोबेल मिळालं. त्याला 'घातक' कसं म्हणणार?

शब्दखूण
वा, हे फारच उपयोगी. रक्तपेशी, लेखात हायड्रोजन पेरॉक्साइडलाही मुक्त मूलकांच्याच यादीत बसवलंय. त्यातही एकटा इलेक्ट्रॉन असतो का?

रक्तपेशी
नाही. त्याचे सगळे इलेक्ट्रॉन जोडीत. पण लोहाचा आयन भेटला की त्यापासून हायड्रॉक्सिल तयार होतं (फेंटनची अभिक्रिया, 1894), म्हणून तो यादीत. या एकत्र गटाला इंग्रजीत 'रिॲक्टिव्ह ऑक्सिजन स्पीशीज' म्हणतात. तिथे कृपा करून 'प्रजाती' लिहू नका, वाचक प्राणी शोधत बसेल. 'ऑक्सिजनची क्रियाशील रूपं' म्हणा.

वाटसरू
ऑक्सिडेटिव्ह डॅमेजला 'प्राणवायूजन्य हानी' कसं वाटतं? विरोधाभासामुळे लक्षात राहील.

बेंझीन
विरोधाभास खराच आहे. 1954 मध्ये रेबेका गेर्शमन यांनी नेमकं तेच मांडलं होतं: दाबाखालच्या ऑक्सिजनची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा, दोन्हींच्या मुळाशी मुक्त मूलकं. दोन वर्षांनी डेनम हार्मन यांनी वार्धक्याचा सिद्धांतच त्यावर उभा केला. तरीही तुमचा शब्द चालणार नाही. ऑक्सिडीकरण म्हणजे इलेक्ट्रॉन गमावणं. त्यात दर वेळी ऑक्सिजन असतोच असं नाही. 'ऑक्सिडीकरणजन्य हानी' बोजड आहे, मान्य, पण अचूक आहे.

'झीज' मात्र टाळा. झीज हळूहळू, घासून होते. इथे साखळी पेटते. पेशीपटलातल्या असंपृक्त मेदाम्लाचा (अनसॅच्युरेटेड फॅटी ॲसिडचा) एक हायड्रोजन गेला की ते मूलक बनतं, ऑक्सिजन पकडतं, पेरॉक्सिल होतं आणि शेजारच्या मेदाम्लाचा हायड्रोजन ओढतं. एका ठिणगीवर अनेक मेदाम्लं जातात. तेल खवट होतं ते याच अभिक्रियेनं, त्यामुळे उदाहरण हवं असेल तर हेच द्या.

वेलांटी
आणि 'शरीर गंजतं'? हे फार ऐकू येतं.

रक्तपेशी
लोखंड स्वतःची दुरुस्ती करत नाही. डीएनएच्या चार 'अक्षरां'पैकी ग्वानीनवर घाव बसून 8-ऑक्सोग्वानीन तयार झालं, तर विकरं ते शोधून कापून काढतात. डीएनएच्या असल्या ऑक्सिडीकृत तुकड्यांचं मोजमाप लघवीतही करता येतं. काही सुटलंच, तर प्रत काढताना समोर सायटोसीन या अक्षराऐवजी ॲडेनीन बसतं आणि उत्परिवर्तन होतं. खरी गोष्ट घाव आणि दुरुस्ती यांच्या शर्यतीची आहे. 'गंज' म्हटलं की दुरुस्ती वाचकाच्या डोक्यातूनच जाते.

'स्ट्रेस'चंही तसंच. 1985 मध्ये हेल्मुट झीस यांनी 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' ही संज्ञा मांडली, ती ऑक्सिडीकारक आणि त्यांना आवरणारे घटक यांचा तोल पहिल्यांच्या बाजूनं ढळण्याला. 'ऑक्सिडीकरणाचा ताण' म्हणा. 'तणाव' लिहिलंत तर वाचक ध्यानधारणेकडे वळेल.

शब्दखूण
अँटिऑक्सिडंट तसाच ठेवणार होते, पण संपादकांना मराठी शब्द हवाय. 'ऑक्सिडीकरणरोधक' चालेल? आणि तो मूलकांना 'नष्ट करतो' असं लिहू का?

बेंझीन
शब्द चालेल, क्रियापद नाही. ई जीवनसत्त्व पेरॉक्सिल मूलकाला आपला एक हायड्रोजन देतं आणि स्वतःच मूलक बनतं. फरक इतकाच की ते मूलक सुस्त असतं, साखळी पुढे नेत नाही. नंतर क जीवनसत्त्व त्याला पूर्ववत करतं. तेव्हा 'शमवतो' किंवा 'साखळी तोडतो' म्हणा.

रक्तपेशी
'रोधक'वरही थोडा लगाम ठेवा, कारण वाचक त्यातून लगेच 'गोळी घेतली की हानी थांबली' असा अर्थ काढतो. 1994 मध्ये फिनलंडमधल्या 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत बीटा कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेतली अशीच एक चाचणी 1996 मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. परीक्षानळीत रोधक म्हणून गाजलेलं संयुग ऊतींमध्ये काय करेल ते शब्दावरून कळत नाही. लेखात 'प्रयोगशाळेत' की 'माणसांत' हे दर वेळी लिहा.

शब्दखूण
लिहिते. शेवटचं एक: ते मूलक की तो मूलक? अनेकवचन?

वेलांटी
नपुंसकलिंगी. ते मूलक, ती मूलके. तुमच्या लेखाची भाषा बोलीच्या जवळ असेल तर मूलकं. पण एकाच लेखात दोन्ही नकोत.