दिवाळी अंकाची अनुक्रमणिका: आधी लेखकाचं नाव की मोठं चित्र?

शाईची_दौत
उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काल्पनिक दिवाळी अंकाची अनुक्रमणिका करायचा प्रकल्प मिळालाय. ए-४ आकार, समोरासमोरची दोन पानं, ५६ नोंदी. मी सगळ्या नोंदी विभागवार लावल्या, लेखकाचं नाव ठळक आणि मथळा बारीक. सर म्हणाले, "ही यादी झाली, डिझाइन कुठंय?" नमुना म्हणून एका परदेशी मासिकाचं पान दाखवलं: पानभर फोटो आणि त्यावर पाच मोठे आकडे.
मला हे पटत नाही. माझी आई स्टॉलवर अंक उचलते, मुखपृष्ठ उलटते आणि थेट अनुक्रमणिकेवर बोट फिरवते. नावं बघते आणि त्यावरून अंक घ्यायचा की नाही ते ठरवते. हे पान तिच्यासाठी आहे. तुम्हाला काय वाटतं?

मोकळी_जागा
सरांचं बरोबर आहे. आईला ती नावं ओळखीची आहेत, तुझ्या वर्गातल्या किती जणांना आहेत? १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे, पण प्रत्येक पिढीला ती नव्याने दाखवावी लागते. अनोळखी ५६ नावांवर नजर ठरतच नाही. सहा साहित्यकृती निवड, प्रत्येकीला दोन ओळी आणि एक चित्र दे, बाकीच्या लहान अक्षरात लाव. वाचकाला आत ओढणं हेच या पानाचं काम.

जुना_जुळारी
मी छापखान्यात शिशाचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवण्यापासून कामाला लागलो, पुढे संगणकावर आलो. सहा निवडायची म्हणजे उरलेल्या पन्नासांना मागच्या बाकावर बसवायचं. अनेक लहान अंकांत कवीला मानधन म्हणून अंकाची प्रतच मिळते. अनुक्रमणिकेत नाव छापून येणं ही त्याची खरी दिवाळी. ते नाव बारीक करू नका.
दुसरं, शेवटच्या आठवड्यात जाहिराती येतात आणि पानं सरकतात. म्हणून आम्ही अनुक्रमणिकेचा फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापायची पानं) सगळ्यात शेवटी सोडायचो. चित्रात गुंतवलेले आकडे रात्री अकरा वाजता बदलून बघा, मग कळेल.
मात्र विभागवार लावू नकोस, पोरी. अनुक्रम म्हणजे एकामागून एक. कथा १२, ८८, १७० आणि खाली लेख पुन्हा १८ पासून, हा कसला अनुक्रम?

वाचनालयातली_ताई
दादा, इथे मी तुमच्या विरुद्ध. आमच्याकडे सभासद काउंटरवर उभे राहून विचारतात, "यात कथा किती आहेत?" त्यांना विभागच लागतात. पानाच्या क्रमाने लावलंत तर त्यांना ५६ ओळी वाचाव्या लागतील. कथा संपून उरलेल्या जागेत ज्या कविता बसवतात, त्या तरी एकत्र दाखवा, नाहीतर सापडतच नाहीत.
आणि मोठं चित्र कशाला? मुखपृष्ठावर चित्र असतंच.

मोकळी_जागा
मुखपृष्ठावरचं चित्र अंकाचं असतं, आतल्या कथेचं नसतं. आणि संपादक निवडूनच अंक काढतो, मग त्यातलं काही पुढे केलं तर अन्याय कसा? कवीच्या प्रतीचा मुद्दा मात्र मला लागला. नावं सगळी एका आकारात ठेवू, चित्र तरी राहू द्या.

काना_मात्रा
जागेचा हिशोब कुणीच केला नाही. वर-खाली मिळून ४० मिमी समास सोडला तर २५७ मिमी उरतात. १० पॉइंटच्या अक्षराला १६ पॉइंटची, म्हणजे सुमारे ५.६ मिमीची ओळ दिली (देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार, याहून कमी नको) तर एका पानावर ४५ ओळी बसतात. नोंदी पानाला २८. म्हणजे विभागांची शीर्षकं धरूनही पानाच्या चौथ्या हिश्शाइतकी जागा शिल्लक राहते. चित्र बसतं, भांडू नका.
खरी चूक वेगळीच होते. मथळा डावीकडे, पान क्रमांक पार उजवीकडे आणि मध्ये टिंबांची लांबलचक रांग. नजर घसरते आणि खालच्या ओळीचा आकडा वाचला जातो. आकडा मथळ्याच्या आधी घे.
इनडिझाइनमध्ये (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय लाव, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. आणि मजकुराची भाषा मराठी निवड. अनेक फाँट मुळात हिंदी वळणाचे ल आणि श देतात. मराठी अंकात आपला पाकळीचा ल आणि देठाचा श हवा. 'तिरो देवनागरी मराठी' घेतलास तर ते आपोआप मिळतात.

शाईची_दौत
काल दोघींना पान दाखवलं. आई नावांवर थांबली. माझी खोलीतली मैत्रीण मराठी अंक फारसे वाचत नाही, ती मात्र मथळ्यांवर थांबली, नावं तिने वाचलीच नाहीत. म्हणजे मोकळी_जागा, तुमचं अर्धं खरं निघालं.
विभाग ठेवतेय, विभागाच्या आत पानाचा क्रम, आकडा आधी. चित्र नाही, उरलेली जागा ओळींनाच देते. आता अडलंय ते इथे: नाव आणि मथळा दोन्ही ठळक केले तर काहीच उठून दिसत नाही. नाव काळं, मथळा विटकरी केला तर?

जुना_जुळारी
विटकरी छपाईच्या चार मूळ रंगांतून काढू नकोस. त्या रंगांची एकमेकांवरची जुळणी केसभर हलली की बारीक अक्षराच्या वेलांट्या दुहेरी दिसतात. स्वतंत्र शाई माग, नाहीतर मथळा काळाच ठेव आणि नाव जाड कर. सरांना दाखवायच्या आधी एक प्रत साध्या कागदावर काढून हातभर अंतरावरून वाच.